शाळेतील नवी साधने : यंत्राचा कित्ता आणि मुलाचे गिरवणे

(फर्दापूर परिसरातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या दारात आज पूर्वी कधी नव्हती इतकी साधने येऊन उभी राहिली आहेत. ज्या खोलीत एका पिढीपूर्वी खडू, फळा आणि एखादा जीर्ण नकाशा एवढाच सरंजाम होता, तेथे आज कोठे प्रोजेक्टर आहे, कोठे भिंतीवर मोठा टीव्ही आहे. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आहे आणि शिक्षकाच्या खिशात मोबाईल आहे. प्रश्न विचारताच मराठीत उत्तर लिहून देणारी संवादयंत्रेही आता आली आहेत. या साधनांमुळे शाळा बदलत आहे, हे उघड आहे. तथापि हा बदल मुलाच्या हिताचा ठरेल की नाही, हे साधनाच्या किमतीवरून ठरत नाही. ते कशावरून ठरवावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारासाठी फर्दापूरच्या शिक्षकाला दूर जावे लागत नाही. येथून काही किलोमीटरांवर, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, अजिंठ्याची लेणी आहेत. गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्या लेण्यांतील चित्रांच्या प्रती उतरविण्यासाठी त्या त्या काळातील उत्तमोत्तम साधने येथे आणली गेली. त्या साधनांचे पुढे काय झाले, हा इतिहास प्राथमिक शिक्षकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

अजिंठ्याच्या प्रती

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या मद्रास सैन्यातील अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले आणि त्यानंतर बाहेरच्या जगाचे लक्ष या चित्रांकडे वळले. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक केली. गिल याने आयुष्याची कितीतरी वर्षे या डोंगरात घालविली आणि कॅनव्हासवर तैलरंगांत मोठमोठ्या प्रती तयार केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक प्रती जळून गेल्या. दरम्यान गिल याने कॅमेराही हाती घेतला होता. लेण्यांची त्याने घेतलेली छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. परंतु त्या काळच्या छायाचित्रात रंग उतरत नसे.

पुढे १८७२ पासून मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागले. हे काम १८८५ पर्यंत चालले. त्या प्रतीही लंडनला गेल्या आणि त्यांतील पुष्कळशा १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. वाचलेल्या प्रतींच्या आणि रेखाटनांच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यानंतर १९०९-१० आणि १९१०-११ या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्त्रीने फर्दापूरच्या बाजूला तळ ठोकला. तिच्या मदतीला कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे तरुण शिष्य आले, हैदराबादहूनही चित्रकार आले. कलकत्त्याच्या शिष्यांत नंदलाल बोस होते. अंधाऱ्या लेण्यात मोडक्या भिंतीसमोर बसून एकेक रेषा कागदावर उतरवावयाची, हे त्यांचे काम होते.

१९२० नंतर हैदराबाद संस्थानाने चित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलाविले. निखळणारी चित्रे भिंतीला पुन्हा घट्ट बसविण्याचे त्यांचे काम मोलाचे होते. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण काळाबरोबर पिवळे व काळपट पडले आणि पुढे ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याला दीर्घकाळ खपावे लागले. त्याच संस्थानाच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांसह चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला. आज तर हीच चित्रे मोबाईलच्या पडद्यावर बोटाने मोठी करून पाहता येतात.

या इतिहासातून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, प्रत कितीही उत्तम असली तरी ती जळते, विटते किंवा जुनी होते. तिच्यावर सर्वस्व सोपविता येत नाही. दुसरी, चांगल्या हेतूने वापरलेले साधनही मूळ वस्तू झाकून टाकू शकते. रोगणाचे तसेच झाले. तिसरी गोष्ट शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. येथे बसून प्रती करणाऱ्या माणसाचा डोळा व हात तयार झाला आणि तो कायम राहिला. नंदलाल बोस पुढे शांतिनिकेतनात कलाभवनाचे प्रमुख झाले. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाली. अजिंठ्याच्या भिंतीसमोर त्यांनी जो अभ्यास केला, तो त्यांच्याबरोबर शांतिनिकेतनात गेला आणि तेथून शिष्यांच्या हातांत उतरला. लंडनमधील आगीला तो जाळता आला नसता.

मराठी शाळेत या गोष्टीसाठी जुना शब्द आहे, तो म्हणजे कित्ता. कित्ता बाहेरून येतो. त्यावरून गिरवणे मुलालाच करावे लागते. कित्त्यातील अक्षर कितीही सुबक असले तरी केवळ त्याकडे पाहून कोणाचे अक्षर वळणदार झालेले नाही. मोबाईल, टीव्ही, क्यूआर कोड आणि संवादयंत्र हे सर्व नव्या काळाचे कित्ते आहेत. त्यांच्याविषयी विचारावयाचा प्रश्न एकच आहे : यंत्र बंद केल्यावर मुलाला काय करता येऊ लागले?

साधनांची परंपरा

साधन शाळेत आजच आले असे नाही. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर काढीत असे. मग दगडी पाटी आली, फळा आला, छापील पुस्तक आले. फळा आला तेव्हा तेही नवे तंत्रच होते. एकाच वेळी सर्व वर्गाला एक अक्षर दाखविण्याची सोय त्याने केली. २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती, म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, स्थापन झाले आणि दूरच्या वाडीवरील मुलाच्या हाती शहरातील मुलाचेच पुस्तक पडू लागले. ही सुधारणा लहान नव्हती.

१ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष भारतात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. सकाळी शाळेतील मुलांसाठी, सायंकाळी प्रौढांसाठी, असा तो क्रम होता. ज्या खेड्यात वर्तमानपत्रही जात नसे तेथे विज्ञानाचे पाठ दिसू लागले. वर्ष संपले, ठरल्याप्रमाणे उपग्रह परत गेला आणि ते कार्यक्रम थांबले. पुण्यात १९८४ मध्ये मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती करणारी बालचित्रवाणी ही संस्था निघाली. तीही २०१७ मध्ये बंद झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उपग्रहाचा प्रयोग १९७५ चा. आणि त्यानंतर बारा वर्षांनी, १९८७ मध्ये, देशाला ‘खडू-फळा’ योजना हाती घ्यावी लागली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासह आवश्यक साहित्य मिळावे, असा तिचा उद्देश होता. आकाशातून धडे उतरले तरी भिंतीवरील फळ्याची गरज संपली नव्हती. नवे साधन आले म्हणून जुने अपूर्ण काम पूर्ण होत नाही, हा त्यातील बोध आहे.

यापुढील बदलात महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकांचा वाटा मोठा आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय निघाला. त्यानंतर गावोगावी लोकवर्गणीतून टीव्ही, संगणक आणि प्रोजेक्टर आले. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. ती राज्याने उचलली आणि पुढे देशातील पुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले आणि त्यांतील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हा क्यूआर कोड मुळात १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला होता. कारखान्यातील एक खूण पाठ्यपुस्तकात आणून बसविण्याची बुद्धी खेड्यातील शिक्षकाला झाली, हे विशेष आहे.

आकडे काय सांगतात

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि नव्या साधनांची खरी परीक्षा झाली. शिकविणे मोबाईलवर आले. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भारतात ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशी मुले २०१८ मध्ये शेकडा ३६.५ होती, २०२१ मध्ये ती शेकडा ६७.६ झाली. म्हणजे घरात यंत्र जवळजवळ दुप्पट झाले. परंतु त्याच २०२१ च्या पाहणीत असेही दिसले की, घरी फोन असलेल्या मुलांपैकी शेकडा २६.१ मुलांच्या हाती तो येतच नव्हता. फोन वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जाई. घरात दोन-तीन भावंडे असली तर तो थोरल्याच्या वाट्याला येई.

याच काळात वाचनाचे काय झाले, हेही पाहावे. इयत्ता तिसरीतील जी मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत, त्यांचे प्रमाण ग्रामीण भारतात २०१८ मध्ये शेकडा २७.३ होते. २०२२ मध्ये ते २०.५ वर आले. शाळा नियमित भरू लागल्यावर २०२४ मध्ये ते २७.१ झाले. या चढउतारांमागे अनेक कारणे असतील. तथापि एवढे निश्चित म्हणता येते की, घरातील फोनची संख्या वाढली म्हणून मुलाला वाचता आले नाही. आणि शिक्षक व मूल पुन्हा समोरासमोर बसल्यावर गमावलेले बरेचसे परत मिळाले. २०२४ च्या त्याच पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांनाही विचारण्यात आले. आदल्या आठवड्यात फोनचा उपयोग काही शैक्षणिक कामासाठी केला असे सांगणारी मुले शेकडा ५७ होती, तर समाजमाध्यमांसाठी केला असे सांगणारी शेकडा ७६. यंत्राला स्वतःची दिशा नसते. दिशा न दिल्यास ते सोप्या वाटेने जाते.

परदेशातील अनुभवही असाच आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने ग्रामीण शाळांतील मुलांना लाखो लहान संगणक वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळा तपासण्यात आल्या. मुले संगणक हाताळण्यात तरबेज झाली होती. परंतु गणित आणि भाषेत त्यांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. संगणक वाटला गेला, पण त्यावर काय शिकावयाचे आणि शिक्षकाने ते कसे घ्यावयाचे, ही तयारी अपुरी होती. २०२३ मध्ये युनेस्कोने आपल्या जागतिक अहवालात हाच प्रश्न मांडला. साधन कोणाच्या अटींवर वापरावे, असे त्या अहवालाने विचारले आणि मुलाचे शिकणे हीच अट असावी, असा निर्वाळा दिला.

महामारीच्या त्याच काळात सोलापूरच्या नीलमनगर भागातील शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. ज्यांच्या घरी फोन नव्हता, त्या मुलांनी गल्लीतून जाता-येता अंतर ठेवून ते वाचले. अजिंठ्याच्या शेजारी राहणाऱ्यांना भिंतीवरून शिकविणे ही कल्पना नवी वाटू नये. सतराव्या लेण्यातील जातककथा वाचता न येणाऱ्या माणसालाही समजाव्यात अशाच रीतीने भिंतीवर रंगविलेल्या आहेत.

वर्गात प्रत्यक्ष उपयोग

यंत्राला नाकारावे असा याचा अर्थ मुळीच नाही. काही कामे अशी आहेत की जी पूर्वी शिक्षकाला इच्छा असूनही करता येत नव्हती. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र घ्यावे. लेण्यात प्रकाश मंद असतो, पर्यटकांची गर्दी असते आणि लहान मुलाची उंची तेथपर्यंत पोहोचत नाही. त्याच्या हातातील निळे कमळ, त्याची बोटे, खाली झुकलेली दृष्टी हे सर्व पडद्यावर मोठे करून स्वस्थपणे पाहता येते. येथे यंत्र असे काही देते की जे प्रत्यक्ष भेटीतही मिळत नाही. परंतु पाठ येथे संपू नये. पडदा बंद करून मुलांनी ते कमळ आठवून काढावे. मग पुन्हा पडदा लावून आपले काय सुटले ते शोधावे. दुसऱ्यांदा पाहताना मुलाचा डोळा पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक पाहतो. नंदलाल बोसांच्या अभ्यासाचा हा लहान नमुना आहे.

दोन शिक्षकी शाळेची अडचण प्रत्येकाच्या परिचयाची आहे. चार इयत्ता आणि दोन शिक्षक असले की एका इयत्तेला शिकविताना दुसरी रिकामी बसते. अशा वेळी चौथीच्या मुलांनी गटात बसून एखादा ध्वनिमुद्रित पाठ ऐकावा, त्यावरील तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत आणि त्या वेळात शिक्षकाने पहिलीच्या मुलांना जवळ घेऊन अक्षरओळख करून द्यावी. यंत्र मोठ्यांना द्यावे आणि माणूस लहानांना द्यावा, हा क्रम बहुधा योग्य ठरतो. कारण ज्याला वाचता येत नाही त्याला यंत्राचा उपयोग सर्वांत कमी आणि शिक्षकाची गरज सर्वांत अधिक असते.

डोळ्यांनी अधू असलेल्या मुलासाठी अक्षर मोठे करणे किंवा पुस्तकातील मजकूर ऐकविणे, इंग्रजी शब्दांचा उच्चार पुन्हा पुन्हा ऐकविणे, बी रुजण्याची आठ दिवसांची क्रिया एका मिनिटात दाखविणे, ही कामेही यंत्राने करावीत. मात्र बी रुजण्याची चित्रफीत दाखविलेल्या आठवड्यातच वर्गात मटकी भिजत घातलेली असावी. चित्रफितीत काय होईल ते मूल सांगू शकेल; वाटीतील मटकीला मोड का आले नाहीत, हे शोधताना ते विचार करू लागेल.

क्यूआर कोडविषयी एक व्यवहाराची गोष्ट आहे. त्या चौकोनात पाठ साठविलेला नसतो. पाठ जेथे ठेवला आहे तेथील पत्ता असतो. म्हणून वाडीवर किंवा तांड्यावर नेटवर्क नसले तर कोड मुका राहतो. जेथे नेटवर्क मिळते तेथे आदल्या दिवशीच पाठ मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा, स्वतः शेवटपर्यंत पाहावा आणि कोठे थांबवून काय विचारावयाचे ते टाचणात लिहून ठेवावे.

संवादयंत्राचे सत्य आणि असत्य

नोव्हेंबर २०२२ पासून संवादयंत्रे सर्वसामान्यांच्या हाती आली. त्यांचे कार्य समजून घेतले म्हणजे भीती आणि भाबडेपणा दोन्ही कमी होतात. ही यंत्रे अफाट लिखित मजकुरावर घडविलेली असतात आणि आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येणे संभवते, याचा अंदाज बांधीत वाक्य रचतात. म्हणून त्यांचे वाक्य नेहमी सफाईदार असते. ते खरे असतेच असे नाही. इंग्रजीत मजकूर विपुल आहे, मराठीत त्या मानाने थोडा आणि लहान गावांविषयी तर फारच थोडा. त्यामुळे प्रश्न जितका आपल्या गावाजवळचा, तितके यंत्र चुकण्याची शक्यता अधिक.

हुशार शिक्षक या उणिवेचाच पाठ करील. पाचवीच्या वर्गात फर्दापूरविषयी दहा वाक्ये यंत्राकडून लिहून घ्यावीत आणि ती फळ्यावर उतरवावीत. मुलांनी गटागटाने प्रत्येक वाक्य पडताळावे : गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे, ग्रामपंचायतीत चौकशी करावी, लेण्यातील पाटी वाचावी. खरे वाक्य राहू द्यावे, चुकीचे खोडून शुद्ध करावे आणि शेवटी मुलांनीच अकरावे वाक्य लिहावे, जे यंत्राला माहीत नव्हते. या पाठात वाचन, लेखन, संभाषण आणि परिसर अभ्यास एकत्र येतात. छापलेले किंवा पडद्यावर आलेले सर्वच खरे नसते, हा संस्कारही मुलावर होतो. पुढील आयुष्यात त्याला याच संस्काराची सर्वाधिक गरज पडणार आहे.

निबंध यंत्राकडून लिहून आणण्याचा मोह मोठ्या मुलांना होईल. त्यावर पहारा ठेवण्यापेक्षा निबंधाचा विषय बदलावा. ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध यंत्र कोणालाही लिहून देईल. ‘आमच्या शेतात कापूस वेचण्याचा पहिला दिवस’ हा मुलालाच लिहावा लागेल.

घरची भाषा

सोयगाव तालुक्यातील पुष्कळ मुलांच्या घरची बोली पुस्तकातील मराठीहून वेगळी आहे. बंजारा तांड्यावरील मूल गोरमाटी बोलत शाळेत येते. तडवी भिल्लांच्या वस्तीवरील मुलाची बोली आणखी निराळी असते. पडद्यावरील तयार पाठात ही बोली बहुधा ऐकू येत नाही. म्हणून केवळ तयार पाठांवर विसंबल्यास आपली भाषा शाळेत चालत नाही, अशी मुलाची समजूत होईल. याच ठिकाणी मोबाईलचा उत्तम उपयोग होतो. मुलाने आजीकडून एक गोष्ट ध्वनिमुद्रित करून आणावी, ती वर्गाने ऐकावी, तिच्यातील दहा शब्द फळ्यावर मराठी शब्दांसमोर लिहावेत. काही महिन्यांत शाळेचा स्वतःचा शब्दसंग्रह तयार होईल. तो कोणत्याही कंपनीकडून विकत मिळत नाही.

साधनाची निगा

फर्दापूरजवळ जपानच्या अर्थसाहाय्यातून अजिंठा अभ्यागत केंद्र उभे राहिले. लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आणि दृक्श्राव्य साधने तेथे होती. वीज व पाण्याची बिले थकल्यामुळे ते काही काळ कुलपात राहिले. मूळ लेणी दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकली आणि प्रतिकृती थकलेल्या बिलापुढे थांबली, ही गोष्ट या गावाने पाहिली आहे. शाळेच्या बाबतीतही तेच घडते. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर येतो, त्याचा समारंभ होतो. वर्षभराने त्याचा दिवा जातो किंवा मीटर कापला जातो आणि यंत्र कपाटात जाते. म्हणून साधन घेताना त्याच्या किमतीबरोबर वीज, दुरुस्ती आणि बॅटरी यांचा वार्षिक खर्चही शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. तो झेपत नसेल तर लहान साधन घ्यावे. चालू असलेला एक ध्वनिक्षेपक बंद पडलेल्या संगणकखोलीपेक्षा अधिक शिकवितो.

शिक्षकाच्या वेळेचीही निगा राखली पाहिजे. ज्या मोबाईलवर पाठ आहे त्याच मोबाईलवर माहिती, तक्ते आणि छायाचित्रे मागणारे संदेशही येतात. हे काम टळत नाही. परंतु ते वर्गाच्या तासात शिरू देऊ नये, ही काळजी मुख्याध्यापकांनी आणि पर्यवेक्षण करणाऱ्यांनीही घ्यावी. पाठ चालू असताना छायाचित्र काढण्यासाठी पाठ थांबविणे हे पाठाचे नुकसान आहे.

काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी प्रत्येक शाळेत करता येण्यासारख्या आहेत :

१. कोणताही पाठ पडद्यावर दाखविण्यापूर्वी शिक्षकाने तो स्वतः पूर्ण पाहावा आणि मुलांसाठी एक प्रश्न आधी फळ्यावर लिहावा.

२. पडद्यासमोर जितकी मिनिटे जातील, निदान तितकीच मिनिटे पडदा बंद करून बोलणे, लिहिणे, काढणे किंवा करणे यांना द्यावीत.

३. तिसरीपर्यंतच्या ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांची यादी शिक्षकाजवळ असावी. यंत्रामुळे वाचलेला वेळ प्रथम त्या मुलांना द्यावा.

४. संवादयंत्राकडून घेतलेली गोष्ट, उदाहरणे किंवा प्रश्न वर्गात नेण्यापूर्वी तपासावेत. संख्या, तारखा आणि नावे यांची विशेष खात्री करावी.

५. मुलांची नावे, छायाचित्रे व घरची माहिती कोणत्याही अ‍ॅपवर किंवा समूहावर पालकांच्या संमतीवाचून टाकू नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे.

६. पालकसभेत घरच्या फोनविषयी बोलावे. रोज रात्री अर्धा तास मुलाने मोठ्याने वाचावे आणि घरातील कोणीतरी ते ऐकावे, एवढी विनंती करावी. ऐकणाऱ्याला स्वतःला वाचता आलेच पाहिजे असे नाही.

७. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने एक पाठ सांगावा : कोणते साधन वापरले, ते बंद केल्यावर मुलांना काय करता आले आणि काय आले नाही. न जमलेला पाठही तितकाच उपयोगी असतो.

शिक्षणाचे भविष्य कसे असेल, असा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. यंत्रे अधिक स्वस्त होतील, मराठी अधिक चांगली बोलतील आणि आज जे नवे आहे ते दहा वर्षांत क्रिस्टल पॅलेसमधील प्रतींप्रमाणे नामशेष होईल, इतके सांगता येते. तिसरीच्या वर्गातील जी मुलगी आज एक ओळ अडखळत वाचते, ती पुढील वर्षी पान सलग वाचील की नाही, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी तिच्या शेजारी बसून तिचे बोट ओळीवरून पुढे सरकताना पाहणारा शिक्षक लागतो. उद्या सकाळी शाळा उघडल्यावर यंत्र सुरू करण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने अशा एका मुलाला जवळ बोलावून दहा मिनिटे त्याचे वाचन ऐकावे. नव्या साधनांचा उपयोग कोठून सुरू करावयाचा, हे त्या दहा मिनिटांत आपोआप कळून येईल.